शेजारच्या मामींबरोबर 'पडोसन'

१९६८ सालचा 'पडोसन' मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी पाहत आलो आहे. कधी सुट्टीच्या दुपारी, कधी पाहुणे जमले असताना, कधी जेवता जेवता. सबंध असा तो कधी पाहिलाच नव्हता, हे परवा चेन्नईतल्या आमच्या घरी सुरुवातीपासून लावला तेव्हा लक्षात आले. सोबत शेजारच्या मामी होत्या. त्यांचे सगळे आयुष्य कर्नाटक संगीत शिकवण्यात गेले आहे. मास्टर पिल्लेविषयी त्यांना आधी काही सांगायचे मी टाळले.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. भोलाला (सुनील दत्त) समोरच्या खिडकीतली बिंदू (सायरा बानू) आवडते. तिला गाणे आवडते आणि त्याला गाता येत नाही. मग त्याचा गुरू विद्यापती (किशोर कुमार) मागे लपून गातो आणि भोला खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो. हिंदी सिनेमाने ही स्वतःचीच थट्टा केली आहे. पार्श्वगायनाचा सगळा व्यवहार इथे उघड्यावर चालतो, कारण एरवी न दिसणारा गायक या वेळी पडद्यावर आहे. फसवणूक कळल्यावर बिंदू चिडते. पण ती स्वतः लता मंगेशकरांच्या आवाजात गात असते आणि त्याचे कुणालाच काही वाटत नाही.

मग ती प्रसिद्ध जुगलबंदी येते. एका खिडकीत बिंदूचा संगीतशिक्षक पिल्ले (मेहमूद), दुसऱ्या खिडकीत भोला आणि त्याच्या आड विद्यापती. पिल्लेला आवाज मन्ना डे यांचा आहे. 'बसंत बहार'मध्ये (१९५६) याच मन्ना डे यांनी नायकासाठी गाऊन भीमसेन जोशींच्या आवाजावर मात केली होती. बारा वर्षांनी पटकथेने त्यांना हरणाऱ्याच्या बाजूला बसवले, आणि समोर होता शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम न घेतलेला किशोर कुमार. विद्यापती पिल्लेच्या सरगमला सरगमने उत्तर देतच नाही. तो शब्द मोडतो, सूर मध्येच सोडतो, नकला करतो. नियम पाळणारा माणूस नियम न पाळणाऱ्यापुढे अडकतो, आणि आपण त्या अडकण्याला हसतो. राहुल देव बर्मन यांनी ही रचना इतकी चपळ बांधली आहे की पिल्ले नक्की कशात हरला, हा प्रश्न मनात यायला उसंतच मिळत नाही.

मला मात्र या वेळी नीट हसता येईना. मेहमूदने पिल्लेच्या तोंडी घातलेली ती हेलदार हिंदी, ती शेंडी, ते डोळे फिरवणे, आणि शेजारी बसलेल्या मामी! हिंदी सिनेमातली मराठी कामवाली आणि मराठी हवालदार पाहून मी अनेकदा कुरकुरलो आहे. पिल्लेला मात्र इतकी वर्षे बिनदिक्कत हसत आलो.

मामी हसत होत्या. मांडीवर ताल धरून मधेच म्हणाल्या, "असं कुणी बोलत नाही. पण स्वर जागच्या जागी आहेत. कोण गातंय?" कोलकात्याचे मन्ना डे, असे मी सांगितले. "म्हणजे याचाही आवाज उसनाच!" त्या म्हणाल्या.

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. या सिनेमात भोला, बिंदू, पिल्ले तिघेही दुसऱ्याच्या गळ्याने गातात. भोलाची लबाडी प्रेमापोटी म्हणून माफ होते, बिंदूची दिसतही नाही. विद्या ज्याची स्वतःची आहे त्या पिल्लेचा पराभव होतो आणि त्याची भाषाही हास्यास्पद ठरते. मूळ कथा अरुण चौधुरींची, बंगाली. तिच्यावर बंगालीत 'पाशेर बाडी' (१९५२), तेलुगूत 'पक्किंटी अम्मायी' (१९५३) आणि तमिळमध्ये 'अडुत्त वीट्टु पेण्' (१९६०) हे चित्रपट 'पडोसन'च्या आधीच येऊन गेले होते. तमिळ चित्रपट मामींनी लहानपणी पाहिला होता. पहिल्या अर्ध्या तासातच त्या म्हणाल्या होत्या, "ही तर आमच्याकडचीच गोष्ट!" त्यांच्याकडची गोष्ट मुंबईहून परत आली ती त्यांच्यातल्या एकाला विदूषक करून.

म्हणून 'पडोसन' टाकाऊ ठरत नाही. दिग्दर्शक ज्योती स्वरूप शेवटी पिल्लेला विसरलेले नाहीत. भोला-बिंदूच्या लग्नात तो वाजंत्र्यांमध्ये बसून डोळ्यांत पाणी घेऊन सनई वाजवतो. टीव्हीवर तुकडे पाहताना हे दृश्य माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. जिंकणारा विद्यापती एव्हाना मागे पडलेला असतो. सिनेमाने पिल्लेला वाद्य परत दिले आहे, पण त्याची भाषा काही परत दिलेली नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही.

मामींनी जाण्याआधी जुगलबंदी पुन्हा लावायला सांगितली. त्या वेळी मी समोरच्या खिडकीकडे पाहिले नाही, पिल्लेकडेच पाहत राहिलो. हसू तेव्हाही आलेच.