मुंबईचे विसरलेले रॉक बँड : उशिरा दिलेली दाद



चिखलदऱ्याला व्याख्यान म्हटलं की विषय ठरलेले असतात. गाविलगड, मेळघाटातले वाघ, कीचकाची दरी, फार तर आपली कॉफी. आम्ही आयोजकांना विषय कळवला, तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, “सर, रॉक म्हणजे खडकच ना? भूगर्भशास्त्रावर बोलता?” (हशा) नाही. आम्ही बोलणार आहोत ते गिटारवाल्या रॉकवर. मुंबईत १९७० ते १९९० च्या सुमारास जे बँड झाले आणि आज ज्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत, त्यांच्यावर.

आता आपण म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरला या वयात हे काहून सुचलं? तर त्याला एक कारण आहे, आणि ते आमच्या चुकीचं आहे. ते आधी सांगून टाकतो.

१९८९ चा पावसाळा. आम्ही तेव्हा अमरावतीत शिकवत होतो. वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी घरी आला. मुलगा हुशार, गिटार वाजवायचा. त्यानं एक कॅसेट आणली होती, ‘रॉक मशीन’ नावाच्या मुंबईच्या बँडची. म्हणाला, ऐकून सांगा. आम्ही दीड गाणं ऐकलं, बटण दाबलं आणि निकाल दिला : “वाजवतात छान. पण हे त्यांचं नाही, उसनं आहे.” त्यानं विचारलं, “सर, मग त्यांचं काय असतं?” आम्ही तुकारामांवर काहीतरी बोललो. प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हतं. तो मुलगा पुन्हा कॅसेट घेऊन आला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, ही सगळी गाणी आता फोनवर मिळतात, तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला पस्तीस-एक वर्षं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आमची चूक तर्कशास्त्रातली होती आणि ती आम्ही वर्गात दरवर्षी शिकवत होतो! एखादी गोष्ट कुठून आली यावरून तिची योग्यता ठरवणं, हा तो दोष. उगम आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटीचंच बघा. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतलं गेलं. पुढे ती कलकत्त्याला आली, हातानं भाता मारायची झाली. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली, परकी म्हणून, आपल्या श्रुती तिच्यातून निघत नाहीत म्हणून. तोवर ती आपल्या गावागावांतल्या भजनात जाऊन बसली होती. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या. त्याला आपण उसनवारी म्हणत नाही, नाट्यसंगीत म्हणतो. मग गिटारीनंच काय घोडं मारलं होतं?

तेव्हा ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. विचारायचं ते हे, की आणलं त्याचं यांनी केलं काय? आता या प्रश्नानं त्या बँडांकडे पाहू.

सुरुवात सिमला बीट स्पर्धेपासून. सिमला हे सिगारेटचं नाव. कंपनीनं तरुणांसाठी बँडस्पर्धा भरवली, मुंबईत षण्मुखानंद सभागृहात तिचे कार्यक्रम झाले आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धकांच्या दोन तबकड्या निघाल्या. देशभरातली कॉलेजची पोरं. ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो कच्चेपणा. गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका केलेला, गाणारा धापा टाकतो, ड्रमवाला मध्येच पुढे पळतो. काही रचना सरळसरळ परक्या, काही स्वतःच्या. पण नीट ऐकलं तर त्यात एक हावरेपणा आहे, हे सगळं आजच वाजवून घेऊ असा. पुढच्या सफाईदार बँडांत तो आम्हाला सापडला नाही. विदेशातल्या संग्राहकांनी या तबकड्या शोधून शोधून जमवल्या आणि त्या तिकडे पुन्हा छापल्या गेल्या.

दुसरा बँड ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. त्यांची एकुलती एक तबकडी १९८१ मध्ये आली, ‘ऑब्सेशन ७७’. शीर्षकरचना वाद्यांचीच आहे. हिचा गुण ठेक्यात आहे. ड्रम आणि बास एकमेकांना असे धरून चालतात की वर गिटारीनं काहीही केलं तरी खालचा पाया हलत नाही. तबल्याची साथ ऐकणाऱ्या कानाला हे लगेच कळतं. त्यासाठी रॉक कळायला लागत नाही.

तिसरा ‘रॉक मशीन’, १९८४ चा. महेश तिनईकर गिटारीवर, पुढे उदय बेनेगल गायला. परकी गाणी वाजवत सुरुवात केली, मग स्वतःच्या रचनांकडे वळले. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आली, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’, आणि १९९३ मध्ये त्यांनी नावच बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. आम्ही दीड गाण्यावर बंद केली ती पहिली कॅसेट.

या बँडांचं मोजमाप घ्यायचं तर शेजारी कोणीतरी हवं. अमेरिका-इंग्लंड घेतलं तर तुलना लंगडी होते, तिथं पैसा आणि बाजार अफाट. म्हणून आम्ही आयर्लंड घेतो. लहान देश, तोही इंग्रजांच्या अमलाखाली राहिलेला. स्वतःची भाषा असून बहुतेक लोक राज्यकर्त्यांच्या भाषेत बोलतात आणि गातात. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बेकारी एवढी, की १९८६ च्या मे महिन्यात डब्लिनला बेकारांसाठी ‘सेल्फ एड’ नावाचा मोठा संगीतसोहळा करावा लागला. त्या देशातला ‘यू टू’ हा बँड जगाला ठाऊक आहे. वडाच्या सावलीत काय उगवतं ते आपण जाणतो, पण त्या सावलीतही बरंच उगवलं होतं.

डब्लिनचा ‘द ब्लेड्स’ घ्या. पॉल क्लिअरी गाणी लिहायचा. ‘डाउनमार्केट’ या त्यांच्या १९८३ च्या गाण्यात खिशात पैसे नसलेल्या माणसाचं शहर आहे. चाल इंग्लंड-अमेरिकेच्या वळणाची, पण ज्या रस्त्यावरून तो चालतो तो रस्ता त्याच्या घरासमोरचा. कॉर्कचा ‘मायक्रोडिस्नी’ बघा. काहल कॉफलन आणि शॉन ओहॅगन. चाली मधाळ आणि शब्द कारल्यासारखे. गोड वाटून जवळ जावं तर चटका बसतो. १९८५ ची त्यांची ‘द क्लॉक कम्स डाउन द स्टेअर्स’ आजही ऐकण्यासारखी आहे. ‘मूव्हिंग हार्ट्स’नं १९८१ पासून विजेच्या गिटारीशेजारी आपली पारंपरिक पाइप्स बसवली, कोपरानं भाता दाबून वाजवायची. आणि ‘क्लॅनड’ हे तर आयरिश भाषिक भागातलं कुटुंब. १९८२ मध्ये त्यांचं आयरिश शब्दांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या पाचांत गेलं. शब्द न कळता लोकांनी ते ऐकलं.

यांतलं कोणीही गिटार शोधून काढली नव्हती, ड्रम घडवले नव्हते. उसनं सगळ्यांचंच होतं. पण प्रत्येकानं त्यात स्वतःजवळचं काहीतरी घातलं. कोणी आपला रस्ता, कोणी आपला कडवटपणा, कोणी आपलं वाद्य, कोणी आपली भाषा.

ही कसोटी हातात घेऊन पुन्हा मुंबईला येऊ. आम्ही चूक कबूल केली म्हणून आता सगळ्यालाच वा वा म्हणणार, असं नाही. ती दुसरी चूक होईल. ‘रॉक मशीन’ची पहिली कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. दोन गिटारींची साथ घोटून बसवलेली आहे, गळा कमावलेला आहे, एकही जागा सैल नाही. त्या काळात आपल्याकडे चांगली वाद्यं मिळायची मारामार, ध्वनिमुद्रणाची सोय तोकडी. हे ध्यानात घेतलं तर त्या सफाईमागची मेहनत दिसते, आणि ती आम्ही दीड गाण्यात पुसून टाकली होती. मात्र त्या कॅसेटच्या नावातला बंडखोर नेमकं कोणाविरुद्ध बंड करतो, हे आम्हाला गाण्यांतून कळलं नाही. उच्चार अमेरिकन, रस्ताही तिथलाच. ‘ब्लेड्स’च्या गाण्यात डब्लिन दिसतं तशी या कॅसेटमध्ये मुंबई दिसत नाही, ना तिची लोकल, ना तिचा घाम. म्हणजे १९८९ च्या आमच्या निकालात एक कण सत्य होतं. पण आम्ही तो चुकीच्या कारणानं दिला, आणि पुरावा न ऐकता दिला. बरोबर उत्तर चुकीच्या रीतीनं काढलं तर आम्ही विद्यार्थ्याला गुण देत नव्हतो. स्वतःला तरी का द्यावेत?

आणि ज्यांच्या गाण्यात ‘त्यांचं’ काय हे अगदी स्पष्ट ऐकू येतं, असा एक माणूस त्याच मुंबईत होता. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, म्हणजे घर मराठी रंगभूमीचं. आणि हा मुलगा रॉक गायचा. ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या बँडांतून गायला. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत केलं, त्यात त्यानं जूडास केला. मग १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. मूळ ब्रेश्टचं, मराठी पु. लं.चं. त्यात नंदू भेंडे अंकुश झाले आणि रॉकवर तयार झालेला तो गळा मराठी पदं गाऊ लागला.

हे सोपं नव्हतं. इंग्रजीत एका अक्षराचे ठोसकेबाज शब्द पुष्कळ, ते नेमके ठेक्यावर पडतात. मराठी शब्द लांब, त्याला प्रत्यय लागून आणखी लांब, आणि क्रियापद जाऊन बसणार शेवटी. ठेका शब्दावर आदळायचा म्हटलं तर शब्द मोडतो. मोडू दिला नाही तर ठेका मऊ पडतो. यातून वाट काढायची तर गाणाऱ्याला दोन्हीकडचं कळावं लागतं. आपल्या शाहिरांना ती वाट ठाऊक होती. डफावर पोवाडा म्हणताना ते शब्द मोडत नाहीत, ठेकाही सोडत नाहीत. भेंड्यांनी ती वाट रॉकच्या बाजूनं गाठली. त्याच नाटकात इतर पात्रं आपल्या परंपरेतल्या चालींत गात होती, आणि त्यांच्या शेजारी हा पाश्चात्त्य बाजाचा आवाज परका वाटला नाही. उलट अंकुशाच्या गुंडगिरीला तो नेमका शोभला. रॉक मराठीत येऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर १९७८ मध्येच देऊन झालं होतं. आम्ही १९८९ मध्ये विद्यार्थ्याला तुकाराम सांगत बसलो, तेव्हा हे नाव आमच्या तोंडी यायला हवं होतं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. बहुतेकांना ते ‘डिस्को डान्सर’मधल्या एका गाण्यापुरते आठवतात. काहींना तेही नाही.

आता शेवटचा मुद्दा. हे सगळे विसरले का गेले? सोपं उत्तर असं, की काळाच्या चाळणीतून चांगलं तेवढं उरतं, बाकी गळतं. आम्हाला हे पटत नाही. चाळणी आपोआप हलत नाही, ती कोणीतरी हलवावी लागते. आयर्लंडमध्ये १९७७ पासून ‘हॉट प्रेस’ नावाचं नियतकालिक या बँडांवर लिहीत होतं. चांगलं-वाईट म्हणत होतं, भांडत होतं. तिथले बँड जगानं विसरले तरी त्यांच्या देशात त्यांची नोंद आहे. आपल्याकडे कलकत्त्याचं ‘ज्युनिअर स्टेट्समन’ १९७७ मध्ये बंद पडलं आणि अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघालं ते १९९३ मध्ये. मधली सोळा वर्षं या संगीतावर नेटानं लिहिणारे थोडे, आणि जे होते ते इंग्रजीत. मराठी समीक्षेनं तिकडे मान वळवली नाही. आम्ही मराठी प्राध्यापक मंडळी तेव्हा काय करत होतो? उसनं आहे म्हणून बटण दाबत होतो.

म्हणजे या बँडांवर काळानं निकाल दिला असं म्हणता येत नाही. त्यांचा खटलाच उभा राहिला नाही. विसरलेलं आणि विसरण्याजोगं यांत फरक आहे, आणि तो फरक करणं हेच समीक्षेचं काम. त्यासाठी आधी ऐकावं लागतं. सिमला बीटच्या तबकड्यांतला बराच भाग विसरण्याजोगा असेल, आहेच. पण ते ऐकून म्हणायचं.

सकाळी आम्ही पंचबोलला जाऊन आलो. पोरंपोरी कठड्याशी उभी राहून हाका मारत होती. डोंगर आवाज परत देतात, पण आहे तसा देत नाहीत. प्रत्येक डोंगराचं अंतर वेगळं, कातळ वेगळा, झाडी वेगळी, म्हणून प्रत्येक ‘ओ’ वेगळी. हाक एकाचीच, पण येणाऱ्या ‘ओ’मध्ये त्या त्या डोंगराचं काहीतरी असतं. ‘सर, मग त्यांचं काय असतं?’ याचं उत्तर आम्ही आता असं देऊ : हाक कुठूनही येवो, तिला ‘ओ’ देताना जे बदलतं, तेवढं त्यांचं. कोणाचं जास्त बदलतं, कोणाचं नावापुरतं. पण ते ऐकायचं तर कान लावून थांबावं लागतं. दीड गाण्यात ते कळत नाही.

तो विद्यार्थी आज साठीकडे झुकला असेल. हे व्याख्यान इंटरनेटवर जाणार आहे, असं आयोजक म्हणतात. त्याच्या कानावर पडलं तर बरं होईल. गिटार ठेवली असेल तर तारा बदलून घे बावा, एवढंच.

आता प्रश्न विचारा. भूगर्भशास्त्राचे सोडून! (हशा)