प्लाझ्माचे दावे कसे वाचावेत?

दुधाच्या पिशवीवरची छपाई पाण्याने धुऊन जात नाही, नखाने खरवडली तरी सहजी निघत नाही. शाई धरून ठेवण्याचा हा गुण पॉलिथिनचा अंगचा नव्हे. पॉलिथिनची पृष्ठीय ऊर्जा दर मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन, तर पाण्याचा पृष्ठताण ७२. म्हणून पाणी पॉलिथिनवर पसरत नाही, थेंब होऊन बसते. शाईचे आणि गोंदाचेही कमीअधिक तेच होते. छपाईसाठी ही ऊर्जा साधारण ३८ च्या पुढे न्यावी लागते.

त्यासाठी फिल्म एका रुळावरून नेतात. रुळापासून एक-दोन मिलिमीटर अंतरावर इलेक्ट्रोड असतो आणि मधल्या फटीत काही हजार व्होल्टचा, उच्च वारंवारतेचा विद्युतदाब दिलेला असतो. फटीतली हवा जांभळट उजळते. हेच ते 'कोरोना' विसर्जन. दोन इलेक्ट्रोडांमध्ये काचेसारखा विद्युतरोधक ठेवून असे विसर्जन घडवण्याची युक्ती वेर्नर सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार करण्यासाठी योजली होती. प्लॅस्टिकवर छापता यावे म्हणून ती वापरण्याचे श्रेय डेन्मार्कचे अभियंता व्हर्नर आइस्बी यांना देतात. ते साल होते १९५१.

शोध उपयुक्त आहे, यात वाद नाही. आमची तक्रार आहे ती त्याची कारणे ज्या प्रकारे सांगितली जातात त्याबद्दल.

पहिले प्रचलित स्पष्टीकरण असे, की ठिणग्यांनी पृष्ठभाग खडबडीत होतो आणि शाई त्या खाचांत अडकते. चित्र डोळ्यांपुढे चटकन उभे राहते, म्हणून ते टिकून आहे. पण मुख्य बदल रासायनिक असतो. विसर्जनातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. बंध तुटले की मोकळ्या झालेल्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. ऑक्सिजनयुक्त गट पाण्याला आणि शाईला जवळ करतात. हा सारा बदल वरच्या सुमारे १० नॅनोमीटरमध्ये होतो. फिल्मची जाडी ५० मायक्रॉन धरली तर तिचा पाच हजारावा भाग!

दुसरा घोटाळा 'प्लाझ्मा' या शब्दाचा. पाठ्यपुस्तकातील प्लाझ्मा म्हणजे सूर्य आणि वीज, अर्थात प्रचंड तापमानाची आग. मग पॉलिथिन वितळत कसे नाही, असे चौकस विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर काय द्यावे? उत्तर असे, की येथे वायूचा अगदी थोडा भाग आयनीभूत होतो. हलके इलेक्ट्रॉन 'तापलेले' असतात. जड रेणू मात्र जवळजवळ खोलीच्याच तापमानाला राहतात. 'चौथी अवस्था' एवढे सांगून थांबणाऱ्या धड्यात ही गोष्ट यायलाच हवी.

आता पेटंटांकडे वळू. या विषयावरचे एखादे पेटंट उघडले तर अशा धर्तीचा मजकूर आढळतो: 'वायू हवा, ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम किंवा त्यांचे मिश्रण, बहुवारिक पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पॉलिएस्टर किंवा तत्सम कोणतेही.' शोधकाने एवढे सगळे वापरून पाहिले, असा याचा अर्थ नव्हे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तशी ही दाव्याची चतुःसीमा असते. हद्द कोठवर, हे खरेदीखत सांगते; त्या जमिनीत पीक का येते, हे त्यात शोधायचे नसते. पेटंटाचेही तसेच. त्यात दिलेली कारणमीमांसा हा सिद्ध झालेला सिद्धांत समजू नये.

कारण शोधणे किती अवघड आहे, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले आहे. १९६६ मध्ये हॅन्सन आणि शॉनहॉर्न यांनी पॉलिथिन हेलियमसारख्या निष्क्रिय वायूच्या विसर्जनात ठेवले. नंतर त्याचे सांधे मजबूत झाले. पृष्ठभागाचा ओलेपणा मात्र फारसा बदललेला दिसला नाही. त्यांचा निष्कर्ष असा: पॉलिथिनचा वरचा थर मुळात दुबळा असतो, विसर्जनाने त्यातील साखळ्यांमध्ये आडबंध तयार होतात आणि थर घट्ट होतो. ऑक्सिजनची गरजच नाही.

विचार मोठा चलाख होता, आणि आडबंध होतात हेही खरे. परंतु थेंबाचा स्पर्शकोन हे मोजमाप ढोबळ आहे. १९७० च्या दशकात क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून वरच्या काही नॅनोमीटरची रासायनिक घडण वाचण्याचे तंत्र बहुवारिकांसाठी वापरात आले. (या तंत्राचे जनक काय सीगबान यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) निष्क्रिय वायूत ठेवलेला नमुनाही बाहेर काढताच हवेतला ऑक्सिजन पकडतो, कारण त्यावर मुक्तमूलके उरलेली असतात. पुढे ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी कोरोना-प्रक्रिया केलेल्या पॉलिथिनवरील ठरावीक गट रसायनांनी 'झाकून' पाहिले, तेव्हा चिकटण्याची ताकद घटली. कोणत्या गटाचे काम काय, हे अशा प्रयोगाने कळते. जुना सिद्धांत पूर्ण खोटा ठरला नाही. त्याची जागा आखली गेली. विज्ञानात बहुधा असेच घडते, आणि वर्गात नेमके हेच सांगितले जात नाही.

'टिकाऊ' या शब्दाचीही तपासणी करावी. ऑक्सिजन प्लाझ्मात ठेवलेले सिलिकोन रबर पाण्याने छान भिजते, पण हवेत ठेवले तर काही तासांतच पुन्हा पाणी झटकू लागते. साखळ्या वळून ऑक्सिजनचे गट आत जातात, आतले लहान रेणू वर येतात. सिलिकोनयुक्त कॉन्टॅक्ट लेन्स १९९९ च्या सुमारास बाजारात आल्या, तेव्हा त्या डोळ्याच्या पाण्याने भिजाव्यात म्हणून प्लाझ्माची मदत घ्यावी लागली. एका कंपनीने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण केले, दुसरीने अतिपातळ लेप चढवला. पुढे काहींनी पाणी धरणारे बहुवारिक लेन्सच्या द्रव्यातच मिसळले आणि पृष्ठप्रक्रियेला फाटा दिला. म्हणजे प्लाझ्मा हे एक उत्तर आहे, एकमेव नव्हे.

'प्रदूषणमुक्त' या विशेषणाचेही तसेच. टेफ्लॉनसाठी वापरायचे सोडियमचे द्रावण किंवा पॉलिथिनसाठीचे क्रोमिक आम्ल यांच्यापेक्षा प्लाझ्मा निश्चित स्वच्छ आहे. पण हवेतील कोरोना ओझोन तयार करतो, तो ओढून नष्ट करावा लागतो. कमी दाबाच्या प्लाझ्माला निर्वात पंप आणि वीज लागते. तुलना कशाशी, हे सांगितल्याशिवाय 'स्वच्छ' या शब्दाला अर्थ नाही.

आमची शिक्षकांना विनंती आहे, की असा कोणताही दावा समोर आला तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. बदल किती खोल? किती दिवस टिकणारा? आणि कशाच्या तुलनेत? रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन, वाळवून छपाईच्या बाजूला कोऱ्या जागी एक आणि आतल्या बाजूला एक असे पाण्याचे थेंब ठेवून पाहता येतील. फरक ठळक दिसेलच असे नाही. पिशवी जुनी झाली असेल, प्लॅस्टिकमधले घसरण वाढवणारे पदार्थ वर आले असतील. तसे झाले तर प्रयोग फसला म्हणून फळा पुसू नये. फरक का दिसला नाही, हा प्रश्न त्याच फळ्यावर लिहावा.