यंत्राचे माप कोणाच्या पदरात?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीची एकच घाई असते. त्याच गडबडीत वाचलेल्या ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ ह्या इंग्रजी ग्रंथाचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. डॅरन असेमोग्लू व सायमन जॉन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तो २०२३ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, जेम्स रॉबिन्सन ह्यांच्यासह, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्र सुधारले की सर्वांचेच भले होते, हे खरे काय? आपोआप तर नाहीच, असे लेखक म्हणतात. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाले गबर झाले. कापूस वेचणाऱ्या गुलामांचे हाल मात्र वाढले. कारंज्याचा कापूसबाजार पाहिलेल्या वाचकाला हे प्रकरण विशेष भिडेल. इंग्लंडातही यंत्रयुगाच्या पहिल्या काही दशकांत कामगारांच्या मजुरीत फारशी भर पडली नाही. संघटना आणि मताधिकार आल्यावर त्यांना वाटा मिळू लागला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात १९८० नंतर पुन्हा तेच घडले: संपत्ती वाढली, पण कॉलेजची पायरी न चढलेल्यांची मजुरी रखडली. यंत्राला देव वा दानव न ठरविता ‘त्याची दिशा कोण ठरवितो?’ असे विचारणे, हे ह्या ग्रंथाचे बळ होय.

उणीव मला जाणवली ती उपायांत. लेखकांचा कामगार बहुधा पगारी असतो. मागणी कोणापुढे मांडावी हे त्याला ठाऊक असते. आमचा तीन एकरांचा धनी हार्वेस्टर बोलावतो तो हावेपोटी नव्हे. परतीच्या पावसात शेंगा भिजल्या तर त्याचे वर्ष बुडते. आणि ज्या बायांचे विळे त्यामुळे घरी राहतात, त्यांचा सणाचा बाजार त्या मजुरीवरच व्हायचा असतो. दोघेही गरीबच. मग संघटनेने मागावे कोणाकडे?

तरीही ग्रंथाचा मूळ प्रश्न येथे लागू पडतोच. मळणीयंत्र त्याच बायांच्या बचतगटाच्या मालकीचे असले, तर भाड्याचा पैसा गावातच, त्यांच्याच पदरात पडेल. यंत्र तेच, माप मात्र बदलेल. लेखकांचे सारे उपाय पटोत वा न पटोत, हा विचार मनात पेरणारा ग्रंथ अवश्य वाचावा.