उंदीर, घूस आणि भय

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीतील काही प्रकरणांचा मराठी अनुवाद करण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकावर आला. १०१ क्रमांकाच्या खोलीतील प्रसंगापाशी लेखणी अडखळली. विन्स्टनच्या चेहऱ्यासमोर पिंजरा आणला जातो, त्यात भुकेले ‘रॅट’ असतात, आणि इतका वेळ छळ सोसणारा हा माणूस एका क्षणात कोसळतो. ‘रॅट’ला मराठीत ‘उंदीर’ म्हटले आणि तो उतारा एका स्नेह्यास वाचून दाखविला, तेव्हा ते किंचित हसले. उंदीर म्हणजे गणपतीचे वाहन, बालगोष्टींतला उंदीरमामा, डोंगर पोखरल्यावर निघणारी क्षुल्लक वस्तू! ‘घूस’ म्हणावे, तर आकार आणि दात मिळतात. पण हिंदी वाचकास त्या शब्दाने आधी लाच आठवेल. प्रश्न एका शब्दाचा नव्हता. एका समाजाचे भय दुसऱ्या समाजाच्या भाषेत नेता येते काय, असा तो प्रश्न होता.

इंग्रजी भाषेने ‘माउस’ आणि ‘रॅट’ असे दोन शब्द बाळगले आहेत, आणि तिच्या लोकप्रिय कलेनेही या दोघांत भीतीची वाटणी करून टाकली आहे. ‘माउस’च्या वाट्यास हास्य आले. १९२८ साली ‘स्टीमबोट विली’मधून पडद्यावर आलेला मिकी हा तर नायकच, १९४० पासूनच्या टॉम आणि जेरीच्या चित्रपटांत घरकाम करणारी स्त्री जेरीला पाहून स्टुलावर चढते, तेव्हा हसू येते ते उंदराचे नव्हे, तिच्या भीतीचे. ‘रॅट’च्या वाट्यास मात्र काळोख आला. मुर्नाउच्या ‘नोस्फेरातू’त (१९२२) रक्तपिपासू सरदाराबरोबर जहाजातून उंदीर उतरतात आणि नगरात प्लेग शिरतो; ‘विलार्ड’मध्ये (१९७१) एका एकाकी तरुणाने पाळलेले उंदीर माणसांवर तुटून पडतात. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. या चित्रपटांची मर्यादा अशी की, ते बीभत्सापाशीच थांबतात. शेपट्यांची आणि दातांची संख्या वाढविली की किळस वाढते; भय वाढतेच असे नाही.

ही किळस नेहमी निरुपद्रवीही नसते. १९४० साली नाझी राजवटीने काढलेल्या ‘डेर एविगे युडे’ या प्रचारपटात ज्यूंची दृश्ये उंदरांच्या झुंडींशी जोडलेली आहेत. उंदराविषयी प्रेक्षकाच्या मनात आयती असलेली जुगुप्सा तेथे माणसांकडे वळविली गेली. ज्यांना उंदीर ठरविले, त्यांचा पुढे संहार झाला. प्रतिमेची निवड ही केवळ अभिरुचीची बाब आहे असे मानणाऱ्या समीक्षकाने हे उदाहरण विसरू नये.

मग मराठी मनाला उंदराचे भय ठाऊकच नाही काय? वस्तुतः ते फार जवळून ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, आणि ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग दहशतीचा ठरला. घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पण मेलेला उंदीर हा माणसाच्या मरणाचा निरोप आहे, एवढे लोकांनी अनुभवाने आधीच ओळखले होते. म्हणजे आपले भय चावणाऱ्या उंदराचे नव्हे, पडलेल्या उंदराचे आहे.

आल्बेर काम्यूची ‘ला पेस्त’ (१९४७) ही कादंबरी म्हणूनच मराठी वाचकास परकी वाटत नाही. ओराँ शहरात डॉक्टर रिये याच्या पायाखाली जिन्याजवळ एक मेलेला उंदीर येतो. इमारतीत उंदीर नाहीतच, कोणीतरी खोडसाळपणाने तो आणून टाकला असावा, असे दारावरचा रखवालदार ठासून सांगतो, आणि पुढे प्लेगने आधी मरतो तोच. कादंबरीच्या अखेरीस जिवंत उंदीर पुन्हा धावू लागतात, तेव्हा ती आनंदवार्ता ठरते. ज्या प्राण्याला पाहून इतरत्र किंकाळी फुटते, त्याचे धावणे येथे जीवनाचे चिन्ह होते.

त्याच १९४७ साली मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील पिपात मेलेल्या उंदरांच्या कवितेने तत्कालीन काव्यरसिक बिचकले, ते भयाने नव्हे, अभिरुचीला बसलेल्या धक्क्याने. तथापि त्या कवितेचे सामर्थ्य निराळ्याच ठिकाणी आहे. प्रचारपटाने माणसाला उंदीर ठरविले ते त्याला मारता यावे म्हणून. मर्ढेकरांनी उंदराच्या मरणात माणसाचे मरण पाहिले ते त्याची करुणा यावी म्हणून. प्रतिमा जवळजवळ तीच, परंतु नैतिक दिशा नेमकी उलट.

आता पुन्हा ऑर्वेलकडे वळू. जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या खोलीत उंदीर डोकावतो, तेव्हा ज्यूलिया सहज बूट फेकून मारते; पांढराफटक पडतो तो विन्स्टन. स्टुलावर चढणाऱ्या स्त्रीचा लोकप्रिय संकेत येथे निमूटपणे उलटविला आहे. पुढे १०१ क्रमांकाच्या खोलीत, ही शिक्षा आपल्याऐवजी ज्यूलियाला द्या, असा आक्रोश तो करतो. उंदीर त्याला चावत नाहीत, चावावे लागतही नाही. पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वीच त्याचे प्रेम कुरतडून संपलेले असते. भय उंदराचे असेल, पण दुःख त्या आक्रोशाचे आहे. आणि आक्रोशाला अनुवादात वाट मिळते.

हे उमगल्यावर खोडलेला शब्द पुन्हा लिहिला. ‘घूस’ घेतली असती, तर वाचकाने तिचा आकार पाहिला असता. ‘उंदीर’ ठेवला, कारण तो आपल्या घरातला आहे. माणसाला मोडण्यासाठी अक्राळविक्राळ श्वापद लागत नाही. ज्याला लहान मुले मामा म्हणतात तो प्राणीही पुरतो. आता तो उतारा वाचताना आमचे स्नेही हसतील का, हे पाहावयाचे आहे. हसले, तर दोष शब्दाचा नसेल. भोवतालची वाक्ये अनुवादकास साधली नाहीत, असाच त्याचा अर्थ होईल.