दर्जा ठरवणारे कोण?

‘दर्जा’ हा शब्द आपल्या ज्ञानव्यवहारात फार सोवळ्याने वापरला जातो. लेख परत आला की कारण ठरलेले असते : दर्जा नाही. हा दर्जा कोणी ठरवला आणि ठरवणाऱ्यांना कोणी नेमले, हे विचारणे मात्र असभ्यपणाचे समजले जाते. मला आज तेच विचारायचे आहे.

मी नागावचा. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे हे गाव. राहाट कोणी हाकायचा, शिंपणे कोणी करायचे, विहिरीच्या काठावर कोणी पाय ठेवायचा नाही, या श्रमविभागणीवर मी एक लेख लिहिला आणि एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठवला. ‘या आठवणी आहेत, संशोधन नव्हे’ अशा शेऱ्यासह तो परत आला. सनावळीविषयीचे त्यांचे आक्षेप रास्त होते, हे मी मान्य करतो. पण पुढे त्याच नियतकालिकात वाड्यांवर बाहेरच्या एका अभ्यासकाचा लेख आला. त्यात ‘माहिती देणारी वृद्धा’ म्हणून जिचा उल्लेख होता ती माझी चुलती. तिला लेख वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “हे मीच सांगितलं ना? मग तू लिवलंस तवा का नाय चाललं?” मी संपादक मंडळाची यादी पुन्हा वाचली. त्या यादीतल्या कोणाचेही घर गावकुसाबाहेरचे नव्हते.

हा प्रश्न माझ्या एका लेखाचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याला इतिहास आहे. बाबासाहेबांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला, मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. हे नियतकालिक १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत सुरू केलेले. तिथे बाबासाहेबांना लेखक म्हणून जागा मिळाली. मात्र ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. दार उघडले काय किंवा बंद झाले काय, कडी दुसऱ्याच्याच हाती होती. लेखक म्हणून मिळालेली जागा नेहमी दुसऱ्याच्या निवाड्यावर उभी असते. आमच्या याच जिल्ह्यातल्या महाडच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले आणि त्याचे संपादकत्व स्वतःकडे घेतले, ते उगाच नव्हे.

यावर उत्तर तयार असते : परीक्षक लेखकाचे नाव न पाहता लेख वाचतात, मग जातीचा संबंध येतो कुठे? वस्तुतः नाव झाकले म्हणून दृष्टी बदलत नाही. कोणता प्रश्न विचारण्याजोगा, कोणता पुरावा ग्राह्य, कोणती भाषा ‘शास्त्रीय’, हे लेख परीक्षकाकडे जाण्यापूर्वीच ठरलेले असते. कागदपत्र हा पुरावा आणि चुलतीचे तोंड ही आठवण! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच नाकारले, त्यांच्याकडे कागद मागायचा, हा कोणता न्याय?

गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हेच दुखणे मांडले. सिद्धान्त एकांनी रचायचा आणि दुसऱ्यांनी त्याला अनुभवाचा माल पुरवायचा, ही सामाजिक शास्त्रांतली वर्णव्यवस्था त्यांनी उघडी केली. त्याच लेखात त्यांनी आपल्यालाही सुनावले आहे : कविता हा सिद्धान्ताला पर्याय नाही. हे कडू आहे, पण पचवले पाहिजे. २०१८ साली त्याच साप्ताहिकाचे संपादकपद गुरूंकडे आले, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण एका नियुक्तीने व्यवस्था बदलत नाही. मंडळात एक दलित नाव शोभेला बसवायचे आणि निकष जुनेच ठेवायचे, हा तर दयेचा नवा प्रकार झाला.

आणि आपले काय? आपल्या नियतकालिकांचे पहिले पान उघडा आणि मंडळात स्त्रिया किती, ते मोजा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी मुलाखती घेत हिंडून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आणला, तो १९८९ साली. इतका उशीर का झाला? तो इतिहास आपल्यालाही ‘आठवणी’च वाटत होता काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मंडळावर माणसे कशी आणि किती मुदतीसाठी घेतली, हे प्रत्येक नियतकालिकाने छापावे. नकाराची कारणे लेखी द्यावीत. ज्या समाजावर लेख आहे, त्या समाजातला एक अभ्यासक परीक्षकांत असावा. दर्जा आम्हालाही हवा आहे. पण तो ठरवताना माझी चुलती केवळ माहितीपुरती असेल आणि तिचा पुतण्या निवाड्याच्या वेळी दाराबाहेर असेल, तर त्या दर्जाला आम्ही दर्जा म्हणणार नाही.