आज्ञापालन आणि विवेक : ‘पॅन्स लॅबिरिंथ’

ग्यिएर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ हा स्पॅनिश चित्रपट २००६ साली प्रदर्शित झाला. छायालेखन, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा यांसाठी त्याला ऑस्कर पारितोषिके लाभली. पऱ्या आणि राजकन्येची गोष्ट म्हणून कोणी मुलांना घेऊन तो पाहू नये. त्यातील हिंसा अंगावर काटा आणते. श्रद्धावंत प्रौढांनी मात्र तो अवश्य पाहावा.

काळ १९४४चा. स्पेनमधील यादवी युद्ध १९३९ साली संपले आहे, फ्रँकोची सत्ता स्थिरावली आहे. परंतु डोंगररानात बंडखोर अजून झुंजत आहेत. त्यांच्या बीमोडासाठी नेमलेल्या कॅप्टन विदालच्या ठाण्यावर त्याची गर्भवती पत्नी आणि तिची आधीच्या पतीपासूनची मुलगी ओफेलिया येतात. जवळच्या प्राचीन चक्रव्यूहात ओफेलियाला फॉन, म्हणजे अर्धमानव व अर्धबोकड असा वनदेव भेटतो. ‘तू पाताळाची राजकन्या आहेस,’ असे सांगून तो तिच्यावर तीन कामगिऱ्या सोपवतो.

कॅप्टनच्या मेजवानीत एक धर्मगुरू बसलेला दिसतो. दर कुटुंबाला एकच रेशनकार्ड मिळेल असे ठरते, तेव्हा लोकांनी जपून वापरले तर ते पुरेल, असे तो म्हणतो. बंडखोरांच्या आत्म्यांचे तारण देवाने केलेच आहे, त्यांच्या देहांचे काय होते याची त्याला फारशी फिकीर नाही, असेही तो सुचवतो. शब्दाने प्रत्यक्ष देह धारण केला असे मानणाऱ्या धर्माचा पुरोहित हे बोलतो! पुढे ओफेलिया तळहातांवर डोळे असलेल्या नरभक्षक राक्षसाच्या दालनात जाते. तेथेही भरगच्च मेज आहे, मागे पेटलेली शेकोटी आहे आणि कोपऱ्यात मुलांच्या बुटांचा ढीग आहे. दोन्ही मेजांमधील साम्य योगायोगाचे नव्हे.

हे चित्र एकांगी आहे काय? काही अंशी होय. त्या युद्धात प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे सात हजार धर्मगुरू, व्रतस्थ आणि धर्मभगिनी मारल्या गेल्या; त्याची छाया येथे पडत नाही. परंतु १९३७ साली स्पेनच्या महागुरूंनी संयुक्त पत्र काढून फ्रँकोच्या पक्षाची पाठराखण केली, हेही सत्य आहे. १९७१ साली तेथील महागुरू व धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत त्याबद्दल क्षमायाचनेचा ठराव आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. तेव्हा पडद्यावरील त्या धर्मगुरूला निव्वळ द्वेषातून रंगवलेले पात्र म्हणून बाजूला सारता येत नाही.

चित्रपटाचा खरा विषय आज्ञापालन हा आहे. छळाने विव्हळणाऱ्या कैद्याला डॉक्टर फेरेइरो इंजेक्शन देऊन मरण देतो. हे कृत्य ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत बसत नाही. परंतु प्रश्न न विचारता केवळ आज्ञेसाठी आज्ञा पाळणे तुमच्यासारख्यांनाच जमते, हे कॅप्टनला दिलेले त्याचे उत्तर विसरता येत नाही. त्याची किंमत तो प्राण देऊन मोजतो.

तरीही चित्रपट प्रत्येक अवज्ञेचा गौरव करत नाही, आणि येथेच त्याची नैतिक खोली आहे. ओफेलिया दोनदा आज्ञा मोडते. पहिल्यांदा, मनाई असताना, राक्षसाच्या मेजावरील दोन द्राक्षे खाते. त्यापायी दोन पऱ्यांचा बळी जातो. दुसऱ्यांदा, निष्पाप रक्ताचे थेंब हवेत म्हणून फॉन तिच्या तान्ह्या भावाला मागतो, तेव्हा राज्य गमावण्याची तयारी ठेवून ती नकार देते. आणि कॅप्टनच्या गोळीने तिचेच रक्त सांडते. मोहापोटी केलेल्या अवज्ञेची किंमत इतरांनी मोजली, विवेकापोटी केलेल्या अवज्ञेची तिने स्वतः. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मानवाचे गाभाऱ्यासारखे पवित्र स्थान म्हटले आहे. त्या गाभाऱ्यातील आवाज आणि स्वतःचा हट्ट यांतील भेद ओळखण्यास ही कसोटी उपयोगी पडावी.

पाताळाचे राज्य खरे की मरणाऱ्या मुलीचे स्वप्न, हे दिग्दर्शक प्रेक्षकांवर सोपवतो. आपण आपल्या मुलांना आज्ञाधारकपणा शिकवतो, आणि तो शिकवलाच पाहिजे. त्यासोबत, कोणत्या आज्ञेला ‘नाही’ म्हणायचे हेही आपण शिकवतो का, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर घराघरांत विचारला जावा.