पोकळीतील राज्यकारभार : पीटर मेअर यांच्या युरोपीय लोकशाहीविषयक मांडणीची चिकित्सा

आयरिश राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर यांचे २०११ मध्ये निधन झाले. त्यांच्या अपूर्ण हस्तलिखितावरून सिद्ध झालेला 'रूलिंग द व्हॉइड' हा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील लोकशाही शासन आणि जनविश्वास यांच्या अभ्यासात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. मेअर यांचे मुख्य प्रतिपादन असे की, पश्चिम युरोपातील राजकीय पक्ष समाजातून माघार घेऊन राज्यसंस्थेच्या आश्रयाला गेले, तर नागरिक आपापल्या खासगी जीवनात परतले. या दुहेरी माघारीतून मध्ये जी पोकळी उरली, तिच्यातून आता राज्यकारभार चालतो. अमेरिकन अभ्यासक शॅट्श्नायडर यांनी १९६० मध्ये ज्या जनतेला अर्धसार्वभौम म्हटले होते, तिचे उरलेले अर्धे सार्वभौमत्वही संपुष्टात येत आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या मांडणीचा कोणता भाग टिकतो व कोणता टिकत नाही, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

पक्षांच्या ऱ्हासाविषयीचा पुरावा भक्कम आहे. मेअर यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार युरोपीय देशांत पक्षसदस्यांचे मतदारांशी सरासरी प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आले होते. तथापि समाजात मुळे रुजलेला पक्ष म्हणजे निरोगी लोकशाही, हे त्यामागचे गृहीतक तितके भक्कम नाही. हंगेरीत फिदेस पक्षाने २००२ च्या पराभवानंतर गावोगावी नागरिक मंडळे उभारली. त्या बळावर वाढलेल्या याच पक्षाने २०१० मध्ये दोन तृतीयांश बहुमत मिळविले, नवे संविधान एकट्याच्या मतांवर संमत केले आणि न्यायसंस्था व प्रसारमाध्यमे यांवरील अंकुश वाढविला. तेथे पोकळी नव्हती. भरून काढलेल्या जागेतूनच संकट आले. ग्रंथाची नजर पश्चिमेवर खिळलेली असल्याने हा अनुभव त्यात येत नाही.

मेअर यांचे खरे योगदान युरोपीय संघाविषयीच्या विवेचनात आहे. संघात 'लोकशाहीची तूट' आहे, हा शब्दप्रयोग ब्रिटिश लेखक डेव्हिड मार्क्वांड यांनी १९७९ मध्ये रूढ केला. त्यात हिशेबाचा ध्वनी आहे, जणू संसदेला थोडे अधिक अधिकार दिले की जमाखर्च जुळेल. (मराठीत 'तूट' हा शब्द 'तुटणे' या क्रियापदाशी जोडलेला आहे, आणि मेअर यांना अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्याच जवळ जातो.) प्रत्यक्षात संसदेचे अधिकार करारागणिक वाढत गेले आणि मतदान मात्र १९७९ मधील सुमारे ६२ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ४२.६ टक्क्यांपर्यंत घसरले. मेअर यांच्या मते यामागे रचनेचा दोष आहे. युरोपीय मतदाराला प्रतिनिधित्वाचे दोन मार्ग उपलब्ध आहेत. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत संघ असावा की नसावा, किती असावा, यावर वाद झडतात. पण तो निर्णय त्या संसदेच्या हाती नसून सदस्य देशांची सरकारे करारांद्वारे तो घेतात. उलट राष्ट्रीय निवडणुकीत कर, खर्च, व्यापार या धोरणांवर वाद होतात. पण त्यांतील बरेच निर्णय आता ब्रुसेल्सकडे किंवा मध्यवर्ती बँकेकडे गेले आहेत. म्हणजे प्रश्न एका दारात विचारला जातो व उत्तर दुसऱ्या दारात असते. धोरणाला विरोध करण्याची जागाच उरली नाही की विरोध व्यवस्थेच्या मुळावर येतो, हा मेअर यांचा इशारा २०१६ मध्ये ब्रिटनने संघाबाहेर पडण्याचा कौल दिल्यानंतर अधिकच अर्थपूर्ण ठरला.

नागरिकांच्या उदासीनतेविषयीची त्यांची मांडणी मात्र स्वीकारणे कठीण आहे. जून २००४ मधील युरोपीय संसदेच्या निवडणुकीत फ्रान्समध्ये ४३ टक्क्यांहून कमी, तर नेदरलँड्समध्ये सुमारे ३९ टक्के मतदान झाले. एका वर्षाच्या आतच युरोपीय संविधान करारावर सार्वमत घेतले गेले, तेव्हा याच मतदारांपैकी फ्रान्समध्ये ६९ टक्के आणि नेदरलँड्समध्ये ६३ टक्के मतदानकेंद्रांवर आले. फ्रान्सने सुमारे ५५ टक्के, तर डचांनी ६१.५ टक्के मतांनी करार फेटाळला. उदासीन माणसे वर्षभरात अशी जागी होत नाहीत. प्रश्न खरा आहे आणि आपल्या उत्तराने काही घडेल असे दिसले की मतदार येतो, एवढाच याचा अर्थ. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. संघाचे समर्थक अभ्यासक अँड्र्यू मोराव्हसिक यांनी २००२ मध्ये असे म्हटले होते की, संघ हाताळत असलेल्या विषयांत सामान्य मतदाराला फारसा रस नसतो आणि म्हणून लोकशाहीची चिंता अनाठायी आहे. मेअर त्यांचे विरोधक; पण मतदाराच्या अनास्थेविषयीचे गृहीतक दोघांचेही जवळजवळ एकच आहे.

सार्वमतानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. फेटाळलेल्या करारातील बहुतांश आशय लिस्बन करारात आला व फ्रान्सने २००८ मध्ये तो संसदेकरवी संमत केला. निकोला सार्कोझी यांनी २००७ च्या प्रचारात हा मार्ग आधीच जाहीर केला होता, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. आयर्लंडने २००८ मध्ये नकार दिला, तटस्थता, करआकारणी आदी बाबींवर हमी मिळविली आणि २००९ मध्ये ६७ टक्क्यांनी होकार दिला. ही निव्वळ फसवणूक नव्हे, काही अंशी वाटाघाटीच होती. ग्रीसची गोष्ट निराळी. ५ जुलै २०१५ रोजी ६१ टक्के मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या आणि आठच दिवसांत त्यांच्या सरकारने तितक्याच कठोर अटी मान्य केल्या. सप्टेंबरमधील निवडणुकीत मतदान सुमारे ५७ टक्क्यांवर आले. जानेवारीत ते ६३ टक्क्यांहून अधिक होते. वर्षातील तिसऱ्या मतदानाचा शीण त्यात असेलही. तरीही येथे माघार नकारानंतर आलेली दिसते, आधी नव्हे. मेअर यांनी ज्याला पोकळीचे कारण मानले, ते निदान येथे परिणाम म्हणून समोर येते.

२०१९ मध्ये युरोपीय संसदेसाठीचे मतदान ५० टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये तेथेच टिकले. म्हणजे नागरिक परतले. त्यांची पूर्वीची जागा मात्र त्यांना सापडली असे नाही. प्रमुख उमेदवार आधी जाहीर करून निवडणूक लढविण्याची २०१४ ची प्रथा २०१९ मध्ये सरकारप्रमुखांनी बाजूला सारली व कोणत्याही गटाच्या प्रमुख उमेदवार नसलेल्या उर्सुला फॉन डेर लायेन आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. २०२४ मध्ये त्या रीतसर प्रमुख उमेदवार होत्या, परंतु संसदेची जागा त्यांनी लढविली नाही. त्याच वर्षीचा एक प्रसंग या संदर्भात तपासण्याजोगा आहे. कीटकनाशकांचा वापर निम्मा करण्याचा आयोगाचा प्रस्ताव संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्येच फेटाळला होता. आयोगाने तो मागे घेत असल्याचे जाहीर केले ते ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उभे राहिल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी.